खालच्या फळीवरची पुस्तके

आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात एक जुने लाकडी कपाट आहे. वरच्या फळीवर समीक्षा, तिच्याखाली कविता, मग कादंबऱ्या, नाटके, संतसाहित्य. आणि सर्वांत खाली, जिथे झाडताना केरसुणी लागते त्या फळीवर, बालवाङ्मय. ही मांडणी कोणी हेतुपुरस्सर केलेली नाही. आम्ही दोघे या विभागात रुजू झालो तेव्हाही ती अशीच होती, आणि इतकी वर्षे आम्हीही तिला हात लावला नाही. पुस्तके खाली ठेवण्यामागे लहान मुलांचा हात पोचावा असा काही उदात्त विचार असेल, असे कोणी म्हणू शकेल. परंतु पदव्युत्तर विभागात लहान मुले येत नाहीत.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने पीएच.डी.साठी विंदा करंदीकरांची बालकविता हा विषय सुचवला. आराखडा तिने मन लावून केला होता. विषय ठरवणाऱ्या समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी तो चाळला, हसून म्हणाले, ‘विषय गोड आहे, पण पीएच.डी.चा आहे का?’ बाकीचेही हसले. आमच्यापैकी एक जण त्या बैठकीत होता आणि तोही, मान्य करायला हवे, थोडासा हसला. मुलीने विषय बदलून महानगरीय जाणिवेचा घेतला. त्या विषयावरील प्रबंधांनी एव्हाना एक स्वतंत्र कपाट भरेल. त्या दिवशी आम्ही जे बोललो नाही, ते उशिरा का होईना मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : मुलांसाठी लिहिणे हे मराठी लेखकाचे फावल्या वेळचे काम नाही. ते भाषेची सर्वांत कठोर कसोटी घेणारे काम आहे. आणि ज्या विभागांत भाषा आणि वाङ्मय शिकवले जाते, तेथे ते कथा-कवितेच्या बरोबरीने वाचले गेले पाहिजे. ‘बालसाहित्य’ या नावाचा एक ऐच्छिक घटक काही अभ्यासक्रमांत असतो हे आम्हांला माहीत आहे. पण त्यात बहुधा स्वरूप, व्याख्या, प्रकार, वैशिष्ट्ये असा मजकूर असतो. विद्यार्थी तो पाठ करून उत्तीर्ण होतात, आणि त्यासाठी एकही बालपुस्तक वाचावे लागत नाही. मालतीबाई दांडेकरांनी ‘बालसाहित्याची रूपरेषा’ लिहून या विषयाला शास्त्राची बैठक दिली, त्यालाही आता कित्येक दशके लोटली. रूपरेषेच्या पुढे आपण फारसे सरकलो नाही.

मागे वळून पाहिले तर चित्र उलटे दिसते. तंजावरला सर्फोजीराजांच्या आश्रयाने १८०६ साली ‘बालबोधमुक्तावली’ छापली गेली. ती इसापाच्या कथांची मराठी आवृत्ती होती. म्हणजे मराठी मुद्रणाच्या अगदी पहाटे, महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, मराठी मुलांसाठी पुस्तक निघाले होते. मराठी कादंबरीला अजून पन्नासेक वर्षे अवकाश होता. पुढे मुंबईत बापू छत्र्यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली आली. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढले आणि ते तीन दशकांहून अधिक काळ चालवले. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती यांतील बराचसा भाग ते स्वतः लिहीत. सरकारी शिक्षणखात्यातल्या एका माणसाने महिन्यामागून महिने, मुलांना समजेल अशा मराठीत जग सांगत राहणे म्हणजे काय, याची आम्हांला आता, चाळिशी उलटत असताना, थोडी कल्पना येते. वर्षाला एक शोधनिबंध लिहिताना आमची दमछाक होते.

आणि वासुदेव गोविंद आपटे. ‘मराठी शब्दरत्नाकर’ हा कोश ज्यांनी रचला, मराठीचे संप्रदाय आणि म्हणी ज्यांनी गोळा केल्या, त्याच आपट्यांनी १९०६ साली मुलांसाठी ‘आनंद’ मासिक सुरू केले. आम्ही वर्गात आपटे कोशकार म्हणून सांगतो आणि ‘आनंद’चा उल्लेख पुढच्या वाक्यात उरकतो. वास्तविक ही दोन कामे एकाच माणसाची का आहेत, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. शब्दाचा नेमका अर्थ कोणता, याची ज्याला रात्रंदिवस चिंता, त्यालाच तो शब्द दहा वर्षांच्या मुलासमोर ठेवण्याची हिंमत होत असावी.

विंदांकडे येऊ, कारण आमची बोच तिथली आहे.

मोठ्यांसाठी विंदांचे स्वतंत्र कवितासंग्रह सहा : ‘स्वेदगंगा’, ‘मृद्गंध’, ‘धृपद’, ‘जातक’, ‘विरूपिका’ आणि ‘अष्टदर्शने’. मुलांसाठीचे संग्रह मोजले तर ते बारा भरतात. दुप्पट! एखाद्या कवीच्या संग्रहांतील दोन-तृतीयांश संग्रह बाजूला ठेवून आपण त्याची ‘कविता’ शिकवतो, आणि यात काही चुकते आहे असे कोणाला वाटत नाही. तारखांकडे जरा बारकाईने पाहावे. ‘धृपद’ १९५९चा, ‘जातक’ १९६८चा. मधली नऊ वर्षे आमच्या टिपणांत कोरी असतात. विद्यार्थीही ‘दीर्घ विरामानंतर’ असे लिहितात आणि आम्ही त्यावर बरोबरची खूण करतो. प्रत्यक्षात त्या नऊ वर्षांत ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ (१९६१), ‘सशाचे कान’ आणि ‘एटू लोकांचा देश’ (१९६३), ‘परी गं परी’ (१९६५) अशी पाच पुस्तके आली. विराम कसला? कवी लिहीतच होता. आपण वाचत नव्हतो.

याचे वाङ्मयीन परिणाम आहेत. ‘जातक’मध्ये आणि पुढे ‘विरूपिके’त जो विक्षिप्त, तिरकस, तर्काची बैठक उचकटून टाकणारा विंदा दिसतो, तो कोठून आला, याची उत्तरे आपण पाश्चात्त्य असंगतवादात शोधतो. ते धागे असतीलही. इंग्रजीचा प्राध्यापक, ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र आणि ‘फाउस्ट’ मराठीत आणणारा कवी, त्याला सगळे ठाऊक होते. पण जगाचे नियम उलटे करून पाहण्याचा त्याचा रियाज त्याआधीच्या पाच पुस्तकांत झालेला आहे. राणीच्या बागेतल्या प्राण्यांना माणसांसारखे वागायला लावायचे, एटूंच्या देशात सगळेच उफराटे चालवायचे, आणि हे करताना लयीची एक मात्राही सैल होऊ द्यायची नाही, कारण मूल लय चुकली की तत्क्षणी थांबते. १९८१ साली ‘विरूपिका’ प्रसिद्ध झाली. त्याच १९८१ साली ‘पिशी मावशी आणि तिची भुतावळ’ही. एकाच वर्षी एकाच टेबलावरून दोन पुस्तके निघतात, एक आपण अभ्यासक्रमाला लावतो आणि दुसरे खालच्या फळीवर ठेवतो. या दोहोंना शेजारी ठेवून वाचणारा प्रबंध ‘गोड’ झाला असता की नाही, हे सांगता येत नाही. पण तो नवा निश्चित झाला असता.

करंदीकर, पाडगावकर आणि वसंत बापट गावोगाव काव्यवाचनाचे कार्यक्रम करीत. पाडगावकरांच्या नावावरही ‘भोलानाथ’, ‘बबलगम’सारखी मुलांची पुस्तके आहेत. या पिढीला मुलांसाठी लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. कमीपणा आपल्याला वाटू लागला. तो कधीपासून, हे शोधायला हवे. आमचा अंदाज असा की, वाङ्मयाचे अध्यापन हा स्वतंत्र व्यवसाय झाला तेव्हापासून. ज्याला आपले शास्त्र अवघड आहे हे सिद्ध करायचे असते, तो सोप्या दिसणाऱ्या गोष्टींपासून दूर राहतो. असो.

सोपे म्हणजे काय, हे आम्हांला एका साध्या प्रयोगाने शिकवले. गतवर्षी एम.ए.च्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना एक पानाची गोष्ट लिहायला सांगितली. अट एकच : जोडाक्षर वापरायचे नाही. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी अशी पुस्तके काढतात, हे सर्वांना ठाऊक होते. वर्गात हशा पिकला. दहा मिनिटांनी वर्ग शांत होता.

पहिली अडचण ‘गोष्ट’ या शब्दाचीच. मग ‘पुस्तक’ गेले, ‘मित्र’ गेला, ‘चंद्र’ आणि ‘सूर्य’ दोघेही मावळले. प्राण्यांपैकी वाघ, ससा, उंट, माकड, शेळी राहिली. कुत्रा, हत्ती, कोल्हा, अस्वल बाद. ही झाली शब्दांची गोष्ट. शब्द बदलता येतात. खरी कोंडी व्याकरणाने केली. कोणी काही ‘म्हणाला’ असे लिहिता येईना, कारण ‘म्ह’ हे जोडाक्षर. ‘बोलला’ चालते, पण पानभर सगळी पात्रे ‘बोलू’ लागली की गोष्ट कोर्टातल्या साक्षीसारखी वाटते. ‘नव्हता’ म्हणता येत नाही, म्हणजे भूतकाळातला अभाव सांगता येत नाही. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ बंद. जगात फक्त ‘मी’, ‘तू’ आणि ‘आपण’. आंबा खाता येतो, आंब्याची कोय फेकता येत नाही. पाणी पिता येते, पाण्यात पडता येत नाही.

मग एका मुलाने हात वर केला आणि विचारले, ‘सर, नायक मुलगा घेताच येत नाही का?’ त्याचे बरोबर होते. ‘त्याने’, ‘त्याला’, ‘त्याचा’ ही सारी रूपे जोडाक्षराची आहेत. ‘तिने’, ‘तिला’, ‘तिचा’ यांत एकही जोडाक्षर नाही. मुलगा नायक असेल तर दर वाक्यात त्याचे नाव घेत बसावे लागते. मुलगी नायिका असेल तर वाक्य सहज चालते. म्हणून अर्ध्याहून अधिक वर्गाने मुलगी घेतली. लगेच मागच्या बाकावरून दुसरा शोध लागला : ती मुलगी एकटीच असली पाहिजे. ‘मुलगी गेली’ ठीक. ‘मुली गेल्या’ अडले. मुली जातात, जातील, पण गेल्या असे म्हणायची सोय नाही. वीस वर्षे आम्ही सर्वनामांची सामान्यरूपे शिकवीत आहोत. स्त्रीलिंगी अनेकवचनी भूतकाळाचा प्रत्यय मुलांच्या वाचनाच्या वाटेत असा आडवा पडलेला आहे, हे आम्हांला त्या दिवशी दिसले.

जोडाक्षरे टाळणे हा काही वाङ्मयीन सिद्धान्त नव्हे, आणि चांगले बालपुस्तक जोडाक्षरमुक्त असलेच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. उलट, अशा अटीखाली लिहिलेल्या पुस्तकांपैकी कित्येक निर्जीव असतात. मुद्दा असा की, आपली भाषा आपल्याला किती कमी माहीत आहे हे कळायला तिच्यातले काही काढून घ्यावे लागते. आपण जे लिहितो त्यात ‘परिप्रेक्ष्य’, ‘अनुबंध’, ‘आविष्कार’ हे शब्द कुबड्यांसारखे असतात. कुबड्या काढल्यावर उभे राहता येते का, ते पाहावे. त्या दिवशी वर्गाबरोबर आम्हीही एकेक पान लिहिले. ते आम्ही वर्गात वाचून दाखवले नाही.

हे जोखड सांभाळूनही जी सहज चालते, अशी भाषा पाहायची असेल तर माधुरी पुरंदरे यांची पुस्तके उघडावीत. ‘राधाचं घर’ हे शीर्षकच पाहा. ‘राधाचे घर’ नव्हे. घरात कोणी ‘राधाचे’ म्हणत नाही. एका अनुस्वाराने पुस्तक शाळेतून उठून घरात येऊन बसते. त्यांनी बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ मराठीत आणले आहे. त्या चित्रकारही आहेत, त्यामुळे चित्राने जे सांगितले ते वाक्य पुन्हा सांगत नाही. पुष्कळ मराठी बालपुस्तकांत चित्र म्हणजे मजकुराची साक्षांकित प्रत असते. येथे तसे नाही. ‘वाचू आनंदे’ या संकलनमालेत तर त्यांनी आपल्या थोर गद्यकारांचे उतारे मुलांपुढे ठेवले. प्रौढ वाङ्मय आणि बालवाङ्मय यांच्यामधली भिंत त्यांनी वाद न घालता ओलांडली. त्यांच्या गद्यावर वाक्यरचनेच्या अंगाने लिहिलेला एक तरी गंभीर लेख आम्हांला आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा आहे. तो बहुधा आम्हांलाच लिहावा लागेल.

आता लिहिण्याच्या संसाराविषयी. मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी काय सोसले, हे आपल्या वाङ्मयेतिहासांत क्वचितच येते. साने गुरुजींचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण अर्धे. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली गेली हे सांगितले जाते. त्याआधी अमळनेरच्या वसतिगृहात ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवीत, हे सहसा सांगितले जात नाही. दैनिक! रोज हाताने लिहायचे, मुलांनी ते वाचायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. समोर ऐकणारे कोण आहे हे ठाऊक असलेली ती भाषा त्या सरावातून आली. ‘श्यामची आई’त श्याम रात्री सोबत्यांना गोष्ट सांगतो, ही कथनाची चौकट केवळ युक्ती नाही. पुस्तकातल्या अश्रूंची आपण इतकी चर्चा केली, स्तुतीही आणि टवाळीही, की त्या सांगण्याच्या घाटाकडे पाहायचे राहून गेले.

दुसरे उदाहरण भा. रा. भागवतांचे. त्यांनी १९५१ साली मुलांसाठी ‘बालमित्र’ मासिक काढले. काही वर्षांनी ते बंद झाले. मासिक बंद पडणे म्हणजे काय, हे ज्यांनी महाविद्यालयाचे वार्षिक अंक काढले आहेत त्यांना थोडेफार समजेल. स्वतःचे मासिक असेल तर ते कैक पटींनी जड. भागवत त्यानंतरही लिहीत राहिले. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठी मुलांच्या घरचा केला. ‘चंद्रावर स्वारी’ किंवा ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावे उच्चारून पाहावीत. ती भाषांतरित वाटत नाहीत. धूमकेतूला ‘शेंडेनक्षत्र’ म्हणणाऱ्या माणसाला मराठीत मुलाचा कान कोठे असतो ते पक्के माहीत होते. आणि मग फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवर, तोंडाने ‘ट्टॉक’ करीत. आमच्या पिढीने त्याला १९८७ साली दूरदर्शनवरही पाहिले, तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो आणि शेजारच्यांच्या घरी चपला बाहेर काढून रांगेत बसत होतो.

२०१७ साली त्याच्यावर चित्रपट आला. चित्रपटाविषयी आमची तक्रार नाही. त्यात खुद्द भागवतांवर बेतलेले पात्र आहे, ही आदराची खूणही आम्हांला आवडली. पण मोठ्या पडद्यावर येण्यासाठी फास्टर फेणेला वाढावे लागले. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण झाला. शाळकरी पोर म्हणून तो मोठ्यांच्या तिकिटाला पुरला नाही. आमची खालची फळी आणि हा निर्णय, दोन्ही एकाच घरातले वाटतात.

आमचा स्वतःचा अनुभव याहून फार लहान आहे. आम्ही दोघे गेली काही वर्षे मिळून मुलांसाठी गोष्टी लिहितो. एक जण लिहितो, दुसरा खोडतो. तीन गोष्टी दिवाळी अंकांत आल्या, एक छोटे पुस्तक निघाले. पदोन्नतीच्या प्रपत्रात ते कोठे भरायचे, याची आम्ही कार्यालयात चौकशी केली. ‘सर, ते संशोधनात येत नाही, आणि सृजनात्मक म्हणून दाखवायचे तर मोठ्यांचे पाहिजे,’ असे उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्याचा दोष नव्हता. त्याच्या पुढ्यातल्या कागदावर तसा रकाना नव्हता. मानधनाचे म्हणाल तर एका गोष्टीच्या मानधनात आम्ही दोघांनी कँटीनमध्ये मिसळ खाल्ली आणि वर चहा आला नाही.

परंतु खरा धक्का वाचकाकडून बसला. एक गोष्ट आम्ही एका शेजाऱ्यांच्या सात वर्षांच्या मुलीला वाचून दाखवली. आम्हांला तिचा शेवट फार साधला आहे असे वाटत होते. तिने पूर्ण ऐकले आणि विचारले, ‘काका, मग शेळी कुठे गेली?’ दुसऱ्या परिच्छेदात आम्ही वातावरणनिर्मितीसाठी एक शेळी बांधली होती. नंतर गोष्ट नदीवर गेली, पूर आला, सगळे सुखरूप परतले. शेळीचा आम्हांला विसर पडला होता. तिला पडला नव्हता. पूर्ण पुरात ती त्या बांधलेल्या शेळीची काळजी करीत होती. आमचे संशोधन-निबंध आजवर कित्येक तज्ज्ञांनी तपासले, त्यांतल्या सुटलेल्या शेळ्यांबद्दल आम्हांला कोणी कधी विचारले नाही.

या प्रेमापोटी आम्ही आंधळे व्हावे असे मात्र नाही. मराठी बालसाहित्यात निकृष्ट मजकूर उदंड आहे. संस्काराच्या नावाखाली प्रवचन, शेवटी ‘तात्पर्य’, कवितेत यमकासाठी ओढून आणलेली फुले-मुले. पुरस्कार पुष्कळ झाले. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१०पासून दिला जातो, पहिला मराठी पुरस्कार अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला मिळाला. त्याने या लेखनाला थोडी प्रतिष्ठा आली हे खरे; पण परीक्षण नसेल तर पुरस्काराला काय अर्थ राहतो? चांगले आणि वाईट यांतला भेद सांगणे हे समीक्षेचे काम. समीक्षेने पाठ फिरवल्यामुळे या प्रांतात वाईटाला वाईट म्हणणारे कोणी उरले नाही. सर्वांचे ‘कौतुक’ होते. कौतुक हा शब्द आपण मुलांसाठी आणि त्यांच्या लेखकांसाठीच राखून ठेवलेला दिसतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे : हे बालपण कोणाचे? आमच्यापैकी एक जण मराठवाड्यातल्या खेड्यात वाढला. ‘किशोर’ मासिक १९७१ साली बालभारतीने सुरू केले, ते जिल्हा परिषदेच्या शाळेत येत असे म्हणून त्याच्या हाती पडले; ‘चांदोबा’ एसटी स्टँडवरच्या दुकानात दिसे, विकत घेणे क्वचित घडे. पुस्तकांतल्या मुलांना सुट्टी लागली की ती मामाच्या गावाला जात. त्याला सुट्टी लागली की कापूस वेचायला जावे लागे. फास्टर फेणे त्याला प्राणप्रिय होता, पण सायकल असलेला मुलगा ही त्याच्या दृष्टीने परीकथाच होती. आजही मेळघाटातले कोरकू बोलणारे किंवा सातपुड्यातले भिली बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्यासाठी ‘राधाचं’ काय आणि ‘राधाचे’ काय, दोन्ही परक्या घरची भाषा. या बाजूने लिहिणारे लेखक आता येत आहेत, शिक्षकांतून अधिक येत आहेत. त्यांचे लेखन वाचून त्यातले सरस-नीरस सांगणारे वाचक तयार करणे हे आमच्यासारख्यांचे काम होते. आमच्या हातून ते झालेले नाही. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या महाविद्यालयात ग्रंथदिंडी निघाली. पालखीत ज्ञानेश्वरी होती, गाथा होती, शब्दकोश होता. खालच्या फळीवरचे कोणी पालखीत बसले नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने पदव्युत्तर अभ्यासक्रम पुन्हा आखले जात आहेत. आम्ही मंडळाकडे एक प्रस्ताव दिला आहे. ‘बालसाहित्य’ असा वेगळा पेपर त्यात मागितलेला नाही, कारण वेगळा पेपर म्हणजे पुन्हा वेगळी फळी. आमची मागणी इतकीच की, विंदा शिकवताना ‘धृपद’ आणि ‘जातक’ यांच्यामध्ये ‘राणीची बाग’ यावी. भाषांतराच्या पेपरात भागवतांचा व्हर्न यावा. कथनशास्त्रात ‘श्यामची आई’ यावी. शैलीविचारात पुरंदऱ्यांचे एक पुस्तक, पूर्ण, चित्रांसह यावे. प्रस्तावावर अजून उत्तर आलेले नाही.

ज्या विद्यार्थिनीचा विषय आम्ही वाचवला नाही, तिने महानगरीय जाणीव मध्येच सोडली. डी.एड. तिने आधीच केले होते. आता ती एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. गेल्या जूनमध्ये ती विभागात आली, खाली बसली, अक्षरशः जमिनीवर, आणि खालच्या फळीवरून एकेक पुस्तक काढून पाहू लागली. ‘मॅडम, यातली पाच नेऊ का? वाचून दाखवते आणि परत करते.’ बाहेरच्या व्यक्तीला पुस्तके देण्याचा नियम नाही, म्हणून आम्ही ती आमच्या नावावर नोंदवून दिली. मुदत ऑगस्टमध्ये संपली. ग्रंथपालांची दोन स्मरणपत्रे आली आहेत. दंड रोज एक रुपया याप्रमाणे वाढतो आहे. परवा तिचा फोन आला होता, पुस्तकांविषयी ती काही बोलली नाही, आणि आम्हीही विचारले नाही. पहिलीतल्या एका मुलाला ‘पिशी मावशी’ पूर्ण पाठ झाली आहे, तो ती दुसऱ्यांना घाबरवण्यासाठी वापरतो, आणि त्यामुळे वर्गात रडारड होते, त्यावर काय करावे, एवढेच तिला विचारायचे होते.